कलमकाड्यांची टोके बंद करून साठवणूक: काडी कापल्यापासून कलम बांधेपर्यंत

कलम बांधण्यासाठी, म्हणजे मुळे असलेल्या दुसऱ्या रोपावर (खुंटावर) जोडण्यासाठी, फळझाडाची काडी झाडावरून उतरवली की तिचा पाणीपुरवठा त्याच क्षणी बंद होतो, पण पाणी उडून जाणे चालूच राहते. सुप्तावस्थेतल्या काडीच्या वजनात साधारण निम्मा भाग पाण्याचा असतो. कलम बांधायचा दिवस उजाडेपर्यंत, म्हणजे कधी दोन आठवडे तर कधी तीन महिने, त्याच साठ्यावर काडीला तग धरायचा असतो. टोकांना मेण लावा, टेप गुंडाळा ही सगळी खटपट त्या साठ्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. टोक बंद केल्याने काडीत पाणी भरत नाही. असलेले पाणी आत राहते, एवढेच. अर्धवट सुकलेल्या काडीला कितीही सुबक मेणाची टोपी चढवली तरी ती सुकलेलीच राहते. म्हणून सगळ्यात मोठा प्रश्न कोणते मेण वापरायचे हा नसून, कापल्यावर किती लवकर लावायचे हा आहे. सकाळी कापलेली काडी त्याच दिवशी, शक्यतो तास-दोन तासांत बंद झाली पाहिजे. ‘आज कापून ठेवू, उद्या निवांत मेण लावू’ असे म्हटले की निम्मा फायदा तिथेच गेला.

पाणी जाते कुठून?

सगळ्यात मोठी वाट म्हणजे कापलेली दोन तोंडे. मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या तिथे उघड्या पडतात. द्राक्षाच्या काडीत या नळ्या चांगल्याच रुंद असतात. अंजिराच्या काडीत मधला गाभा मऊ आणि जाड असतो. त्यामुळे या दोन्ही काड्या टोकाकडून झपाट्याने सुकतात. सफरचंद, नासपतीचे लाकूड त्यामानाने घट्ट.

दुसरी वाट सालीची. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ती वातरंध्रे, त्यातून काडी श्वास घेते आणि थोडे थोडे पाणीही सोडते. पाने गळाल्यावर राहिलेले व्रण आणि डोळ्यांचे (नवी फूट जिथून निघते त्या कळ्यांचे) खवले यांतूनही थोडे जाते. या वाटा टोकाच्या मेणाने बंद होत नाहीत, त्यांच्यासाठी ओलसर गुंडाळी लागते. मेण आणि गुंडाळी एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, दोन्ही हवीत.

काडी जितकी आखूड, तितका टोकांतून जाणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा. तीन डोळ्यांचे तुकडे करून साठवण्यापेक्षा अख्खी काडी ठेवावी आणि तुकडे कलम बांधायच्या दिवशी करावेत. हात दुखेपर्यंत तुकड्यांना मेण लावत बसण्याचे कामही वाचते.

मग टोके बंद न करता नुसती गुंडाळी चालत नाही का? खरे सांगायचे तर सफरचंदासारख्या कणखर झाडाची काडी दोन-तीन आठवडे चांगल्या गुंडाळीत टोके उघडी ठेवूनही टिकते. पण महिन्याच्या पुढे गेलात, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवलीत (अशा फ्रीजची हवा फार कोरडी असते), किंवा काड्या पार्सलने कुठे पाठवायच्या असल्या, तर फरक स्पष्ट दिसतो. शिवाय ओल्या कागदाला टेकलेले उघडे टोक हे बुरशीचे आवडते ठिकाण. पिशवीतली बुरशी बहुतेक वेळा कापलेल्या तोंडावरच पहिल्यांदा दिसते.

काडी निवडणे आणि कापणे

पानगळीच्या झाडांची (सफरचंद, नासपती, आलुबुखार, चेरी, पीच, द्राक्ष, अंजीर, तुती, डाळिंब) काडी झाड पूर्ण झोपलेले असताना घ्यायची. पाने गळून गेलेली, डोळे घट्ट मिटलेले. डोळा फुगायला लागला, खवल्यांच्या फटीतून हिरवे दिसायला लागले की ती काडी साठवणुकीला निरुपयोगी. तिचे कलम ताबडतोब बांधायचे असेल तर ठीक.

गेल्या हंगामात वाढलेले, पेन्सिलीइतक्या जाडीचे, म्हणजे ६ ते १० मिलिमीटरचे लाकूड उत्तम. उन्हात वाढलेली, आखूड पेरांची काडी घ्यावी. शेंड्याकडचा कोवळा, लवचीक भाग काढून टाकावा. तो कितीही मेण लावले तरी आधी सुकतो आणि सोबत बुरशी आणतो. ज्या झाडावर रोगाची, विषाणूची शंका आहे त्याची काडी घेऊच नये. मेण पाणी अडवते, काडीच्या आत आधीच बसलेला रोग अडवत नाही.

कापताना दोन सवयी लावून घ्या. पहिली, सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार आणि स्वच्छ हवा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने पुसावे. बोथट पात्याने टोक चिरडते, चिरडलेल्या टोकावर मेणाचा थर सलग बसत नाही. दुसरी, खालचा काप सरळ आणि वरचा तिरपा. मेण लागल्यावर, गुंडाळी उलगडल्यावर, दोन महिन्यांनी कोणते टोक वर होते हे डोळ्यांच्या दिशेवरून ओळखता येते खरे, पण सरळ-तिरपा काप असला की विचारच करावा लागत नाही. काडी उलटी लागली तर कलम धरत नाही, छाटही (कलमाऐवजी थेट मातीत लावलेली काडी) धडपणे फुटत नाही.

वरच्या डोळ्याच्या पुढे बोटभर लाकूड सोडूनच कापा. मेणात बुडणार ते हे लाकूड. डोळ्याला चिकटून कापले तर गरम मेण डोळ्यापर्यंत पोचते, आणि पुढे टोक छाटायला जागाही उरत नाही. एकूण लांबी २५ ते ३० सेंटिमीटर ठेवा. लाकूड गोठलेले असताना, काड्यांवर बर्फ असताना कापू नये. ते मोकळे होईपर्यंत थांबावे. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवत जावे. बागेच्या बांधावर उन्हात पडलेली जुडी तासाभरात बरेच काही गमावते.

धुणे, आणि मग नीट वाळवणे

काड्या मातकट असतील, त्यांवर शेवाळ किंवा खवले कीड दिसत असेल तर साध्या पाण्यात मऊ ब्रशने घासून घ्या. जास्त दिवस ठेवायच्या काड्या मी ब्लीचच्या सौम्य पाण्यातून काढायला सांगेन: एक भाग घरगुती ब्लीचला नऊ भाग पाणी, एक-दोन मिनिटे बुडवायचे, मग स्वच्छ पाण्याने धुवायचे. हे सगळे टोके बंद करण्याआधी. आधी मेण, मग धुणे असा उलटा क्रम केला तर ओल मेणाखाली अडकते.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण घाईत उरकतात, तो म्हणजे वाळवणे. ओल्या सालीवर मेण चिकटत नाही. लावताना चिकटल्यासारखे दिसते, पण फ्रीजमध्ये दोन दिवस गेले की बोट लागताच ती टोपी सुटून हातात येते. काड्या कोरड्या फडक्याने पुसून सावलीत पसरा, सालीवर हाताला ओल लागेनाशी झाली की पुरे. पंखा लावून तासभर वाळवत बसू नका, साल कोरडी हवी, लाकूड नव्हे.

अंजिराची गोष्ट निराळी. कापताच टोकातून दुधासारखा चीक येतो आणि त्यावर काहीच धरत नाही. चीक वाहायचा थांबेपर्यंत टोके थंड पाण्यात धरा, मग पुसून वाळवा. हातमोजे घाला. या चिकाने कातडी चुरचुरते, आणि चीक लागलेल्या हाताला ऊन लागले तर फोडही येतात.

कशाने बंद करायचे?

पर्याय पुष्कळ आहेत. त्यांतले काही खरोखर चांगले, काही अडीअडचणीचे आणि काही निव्वळ गैरसमज.

पॅराफिन मेण, म्हणजे साध्या मेणबत्तीचे मेण. स्वस्त, सहज मिळणारे, पाणी उत्तम अडवणारे. साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. दोष एकच: थंडीत ते ठिसूळ होते. फ्रीजमधली जुडी हलवताना टोपीला तडा जातो, आणि तडा गेलेली टोपी असून नसून सारखीच.

मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, थंडीतही लवचीक राहते आणि सालीला छान धरते. महाग असल्याने नुसते तेच वापरायची गरज नाही. तीन भाग पॅराफिनमध्ये एक भाग मधमाश्यांचे मेण मिसळले की ठिसूळपणा जातो. शेकड्यांनी काड्या बंद करायच्या असतील तर माझी पसंती या मिश्रणाला.

पॅराफिल्म (मेणासारखी पातळ, ताणली जाणारी पट्टी) किंवा तशीच ताणली जाणारी बडिंग टेप. आच नाही, वितळवणे नाही, सांडासांड नाही. दहा-वीस काड्यांसाठी याहून सोपे काही नाही. शे-दोनशे काड्यांना मात्र वेळ फार लागतो.

बाजारात मिळणारे कलमाचे मेण किंवा ब्रशने लावायचे सीलंट चालते. ते कलमासाठी आहे की छाटणीच्या जखमेसाठी, एवढे डब्यावर वाचून घ्या. पाण्यात विरघळणारा बाहेरच्या भिंतींचा अॅक्रिलिक रंगही चालतो, पण तो पूर्ण सुकल्याशिवाय काड्या गुंडाळता येत नाहीत आणि तोवर त्या उघड्यावर पडून राहतात. तेलरंग नको, त्यातल्या द्रावकाने सालीखालचा जिवंत थर मरतो.

लाकूडकामाचा पांढरा गोंद अनेक जण सुचवतात. कोरड्या हवेत तो ठीक आहे. पण आपण काड्या ठेवणार ओलसर गुंडाळीत, आणि साधा पांढरा गोंद ओलीने पुन्हा मऊ पडतो, चिकट होतो, कागद त्याला चिकटून बसतो. लावायचाच तर पाण्याला टिकणारा घ्या. नेलपॉलिशचेही तसेच: त्यातल्या द्रावकाने टोकाचा थोडा भाग मरतो, पण तो भाग आपण शेवटी छाटतोच, म्हणून चार-पाच काड्यांपुरते चालवून घेता येते. पेट्रोलियम जेली लावू नका. ती पाणी अडवते खरी, पण काडीवर पसरते, चाकूला लागते आणि कलमाच्या कापावर तेलकट थर बसला की सांधा जुळत नाही.

आणि बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. छाटणीच्या जखमेला ती लावतात म्हणून काड्यांच्या टोकांनाही लावली जाते. ती बुरशीनाशक आहे, झाकण नाही. सुकल्यावर तिचा थर सच्छिद्र असतो, त्यातून पाणी आरामात निघून जाते. जाता जाता, ज्या झाडावरून काडी कापली त्या झाडाच्या छोट्या जखमेला काही फासायची सहसा गरज नसते. ते झाड जिवंत आहे, मुळांवर उभे आहे, जखम स्वतः भरून काढते. काडीला ती सोय नाही.

मेणात बुडवण्याची कृती

उंच आणि अरुंद डबा घ्या. पसरट भांड्यात दोन सेंटिमीटर खोली मिळवायला खूप मेण लागते. मेणाचे तुकडे डब्यात घालून तो डबा पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि ते पाणी तापवा. मेणाचा डबा थेट आचेवर कधीही ठेवू नका. मेण जास्त तापले की त्याची वाफ पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतले तर ज्वाळा उसळतात. चुकून पेटलेच तर आच बंद करून वर झाकण टाकायचे. पाण्यात डबा ठेवल्याचा दुसरा फायदा म्हणजे मेण १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही.

मेण ७० ते ८० अंशांवर हवे. पाणी खळखळ उकळत नाही, तळाशी बुडबुडे दिसतात आणि वाफ निघते, अशा आचेवर साधारण ते जमते. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक फालतू काडी बुडवून थर पाहा, तोच सगळे सांगतो. बाहेर काढल्यावर थर आधी पारदर्शक असतो, खालची साल आणि कापाचा हिरवट कडा स्पष्ट दिसतो, आणि दोन-तीन सेकंदांत तो धूसर होत जातो. असा पातळ, सालीला घट्ट बसलेला थर हवा. बुडवताक्षणी पांढरा, जाड गोळा जमत असेल तर मेण थंड आहे. तो गोळा सालीवर नुसता बसलेला असतो, धरलेला नसतो, नखाने ढकलला की टोपीसारखा अख्खा निघतो. थर बसतच नसेल, मेण पाण्यासारखे ओघळून जात असेल, किंवा डब्यातून धूर निघत असेल तर ते फार तापले आहे. आच कमी करून थांबा. फार गरम मेणाने सालीखालचा हिरवा थर शिजतो. वरून काही दिसत नाही, कलम बांधताना टोकाकडे तपकिरी लाकूड सापडते तेव्हा कळते.

आता बुडवणे. काडीचे टोक उभे धरून दीड-दोन सेंटिमीटर आत घाला आणि लगेच बाहेर काढा. एक सेकंद पुरे. कापलेला पृष्ठभागच नव्हे तर त्याच्या खालची थोडी सालही मेणाखाली गेली पाहिजे, कारण काप आणि साल यांच्या कडेवरच गळती होते. पहिला थर धूसर झाला की पुन्हा एकदा, तसेच एक सेकंद. दोन झटपट बुडव्यांचा थर एका लांब बुडवणीपेक्षा सलग बसतो आणि काडीला आचही कमी लागते. नंतर टोक थंड पाण्यात बुडवले तर मेण लगेच घट्ट होते आणि काड्या एकमेकींना चिकटत नाहीत. ते पाणी मात्र पुसून घ्या.

तिरप्या टोकाकडे विशेष लक्ष द्या. तिरप्या कापाच्या खालच्या कडेशी कधीकधी हवेचा बुडबुडा अडकतो आणि तिथे मेणाचा ठिपका सुटतो. काडी किंचित फिरवत आत घातली की बुडबुडा निघून जातो. काम झाल्यावर प्रत्येक टोक उजेडाकडे धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसले तरी पुन्हा बुडवा.

दहा काड्यांची जुडी बांधून एकदम बुडवायचा मोह होतो. सगळ्या टोकांची पातळी एक नसेल तर आत सरकलेल्या काड्यांची टोके मेणापर्यंत पोचतच नाहीत, आणि बाकीच्या एकमेकींना चिकटून बसतात. जुडी करायचीच तर टेबलावर ठोकून टोके समान करा आणि नंतर प्रत्येक टोक तपासा. वेळ किती वाचतो याची मला शंकाच आहे.

अनेक जाती एकत्र असतील तर मेणात रंगीत मेणखडूचा छोटा तुकडा वितळवून प्रत्येक जातीला वेगळा रंग देता येतो. लेबल गळून पडले तरी गोंधळ होत नाही.

टेप वापरायची असेल तर

पॅराफिल्मची दोन बोटे रुंद पट्टी कापा, मागचा कागद काढा आणि ती दुप्पट-तिप्पट होईपर्यंत ताणा. ही टेप ताणल्यावरच स्वतःला चिकटते. न ताणता गुंडाळली तर दुसऱ्या दिवशी सैल होऊन सुटते. टोकाच्या खाली दोन सेंटिमीटरवरून गुंडाळत वर न्या, टोकापलीकडे थोडी जाऊ द्या, मग ती बाहेर आलेली कड कापावर दुमडून पुन्हा एक वेढा घ्या. शेवटी चिमटीत धरून हाताच्या उबेने दाबा. दुमडताना कापाचा पृष्ठभाग पूर्ण झाकला गेला की नाही हे पाहा. अनेकांची टेप काडीभोवती छान बसते आणि तोंड मात्र उघडेच राहते.

गुंडाळणे आणि ठेवणे

लेबल आताच लावा: जात, कुठल्या झाडावरून घेतली, तारीख. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहा. पेनची शाई ओलीत पसरते. लेबल जुडीच्या आत ठेवा, बाहेर चिकटवू नका.

वर्तमानपत्र किंवा किचन टॉवेल पाण्यात भिजवून पूर्ण पिळा. पिळल्यावर एकही थेंब पडता कामा नये. ही ओल काडीला पाणी पाजण्यासाठी नाही, पिशवीतली हवा दमट ठेवण्यासाठी आहे. जास्त ओलीने काड्या सुकत नाहीत, कुजतात, आणि टोके बंद असलेल्या काड्यांच्या बाबतीत सुकण्यापेक्षा कुजण्याचाच धोका मोठा. शंका असेल तर कमी ओल ठेवा. नीट मेण लावलेल्या काड्यांच्या पिशवीत थोडासा ओलसर कागदही पुरतो.

गुंडाळलेली जुडी जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड बंद करा. पानगळीच्या झाडांच्या काड्यांना ० ते ४ अंश तापमान हवे, म्हणजे घरगुती फ्रीजमधला तळाचा कप्पा. फ्रीझर नको, तिथे डोळे मरतात. आणि ज्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी किंवा इतर पिकणारी फळे आहेत तिथेही काड्या ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, तो डोळ्यांना बाधतो. मेण किंवा टेप लावली म्हणून यात सूट नाही, कारण डोळे उघडेच असतात. जागेची अडचण असेल तर एक तर फळे हलवा नाही तर काड्या.

दर दोन-तीन आठवड्यांनी पिशवी उघडून पाहा. टोप्यांना तडे गेले आहेत का, कागद कोरडा पडला आहे का, डोळे फुगले आहेत का. पांढरी बुरशी वरवर दिसली तर काड्या पुसून, पुन्हा सौम्य ब्लीचमधून काढून, वाळवून नव्या कागदात ठेवता येतात. साल मऊ पडून काळी झाली असेल तर ती काडी फेकून द्या. ती वाचवायच्या नादात शेजारच्या जातात.

सुकणे डोळ्याला दिसण्याआधी वजनात कळते. साठवताना जुडी कागद-पिशवीशिवाय स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आकडा लेबलवर लिहून ठेवा. पुढच्या तपासणीला पुन्हा तोला. वजन हळूहळू उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे: टोपी फुटली आहे किंवा पिशवीला छिद्र आहे. सालीवर उभ्या सुरकुत्या दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

कुठल्या झाडाला काय वेगळे

सफरचंद आणि नासपती सगळ्यात सोशिक. नीट बंद केलेल्या काड्या तीन महिने सहज टिकतात. पीच, जर्दाळू यांचे डोळे लवकर जागे होतात. त्यांना शक्य तितके शून्याजवळ ठेवा आणि आधी वापरा.

द्राक्षाच्या काडीला टोकांना मेण पुरेसे असले तरी रोपवाटिकांत वरचा अख्खा भाग डोळ्यांसकट मेणात बुडवण्याची पद्धत आहे. तसे करायचे तर सेकंदाच्या आत आत-बाहेर झाले पाहिजे आणि थर पातळ असला पाहिजे, म्हणजे डोळा तो फोडून बाहेर येतो.

अंजीर, द्राक्ष, डाळिंब, तुती यांच्या काड्या पुष्कळदा कलमासाठी नव्हे, थेट मुळ्या फुटण्यासाठी छाट म्हणून लावतात. साठवणुकीत दोन्ही टोके बंद ठेवली तरी हरकत नाही, पण लावताना खालचे मेण पूर्ण छाटले पाहिजे. मुळ्यांच्या बाजूला मेण राहिले तर पाणी शोषलेच जात नाही. वरचे मेण मात्र तसेच राहू द्या. मुळ्या येईपर्यंत त्याची गरज साठवणुकीपेक्षाही जास्त असते. साठवणुकीतच खालच्या टोकाला गाठ (कापावर येणारा नव्या पेशींचा फुगवटा) धरावी असे वाटत असेल तर फक्त वरचे टोक बंद करून खालची बाजू ओलसर भुशात किंवा वाळूत ठेवा.

आंबा, पेरू, चिकू, लिंबूवर्गीय झाडे ही सदाहरित, त्यांचे गणित वेगळे. यांना खरी सुप्तावस्था नाही, म्हणून महिनोन्‌महिने साठवण्याची अपेक्षा ठेवू नये. आंब्याच्या निवडलेल्या शेंड्यावरची पाने कापण्याआधी सात-दहा दिवस काढून टाकतात, देठ तेवढे ठेवतात. त्यामुळे डोळे फुगून तयार होतात. अशी काडी शेंड्याची असल्याने वरचे टोक मुळात बंदच असते, मेण किंवा टेप फक्त खालच्या कापाला लागते. गरम मेणापेक्षा इथे टेप बरी. ओलसर मॉस किंवा फडक्यात, पिशवीत, थंड सावलीत काही दिवस टिकते. फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवू नका, उष्ण प्रदेशातल्या झाडांना ती थंडी सोसत नाही. लिंबूवर्गीयांच्या डोळेकाड्या (ज्यांवरचे डोळे काढून कलम करतात त्या काड्या) त्यामानाने चिवट. पाने देठ राखून कापली, टोके बंद केली आणि हवाबंद पिशवीत फ्रीजमध्ये ठेवली तर काही आठवडे चांगल्या राहतात. पाने ठेवून साठवू नका. पान लागलेले असेल तर टोकाच्या मेणाला काही अर्थच उरत नाही, सगळे पाणी पानांतून उडते.

वापरायच्या दिवशी

त्या दिवसापुरत्या लागतील तेवढ्याच काड्या फ्रीजमधून काढा. दोन्ही टोकांचे मेण सेंटिमीटरभर लाकडासकट कापून टाका आणि काप पाहा. सालीखाली हिरवा, ओलसर कडा हवा. तपकिरी दिसला तर आणखी सेंटिमीटरभर मागे या, तिथेही तपकिरी असेल तर ती काडी सोडा. मधेही एखाद्या ठिकाणी नखाने साल खरवडून हिरवेपणा बघा. टोक छाटायला सिकेटर आणि कलमाचा काप घ्यायला वेगळा चाकू ठेवा. एकाच पात्याने दोन्ही केले तर मेणाचे कण कलमाच्या तोंडाशी येतात आणि खुंट-काडीच्या मधे बसतात.

काडी जरा मलूल वाटली, साल किंचित सैल वाटली तर टोके छाटून रात्रभर थंड जागी पाण्यात उभी ठेवा. थोडीफार सुकलेली काडी त्याने सावरते. सुरकुतलेली सावरत नाही.

कलम बांधून झाले की काडीचे वरचे टोक पुन्हा उघडे पडलेले असते, कारण आपण ते आत्ताच छाटले. सांध्याला टेप गुंडाळताना सगळे लक्ष सांध्याकडे असते आणि हे टोक तसेच राहते. मग खुंटाशी जुळायला लागणाऱ्या दोन-तीन आठवड्यांत, उघड्या हवेत, काडी वरूनच सुकते आणि दोष सांध्याला दिला जातो. पॅराफिल्मचा तुकडा किंवा मेणाचा थेंब या टोकाला त्याच वेळी लावा. गरम मेण ओतायचे असेल तर वरच्या डोळ्यावर ओघळू देऊ नका. टेप वापरत असाल तर ती डोळ्यावरून गेली तरी चालते, एकेरी आणि ताणलेली असेल तर डोळा ती फोडून वर येतो.

डब्यात उरलेले मेण तसेच थिजू द्या, पुढच्या हंगामात पुन्हा वितळवून वापरता येते. त्यात तळाला सालीचे कण आणि माती बसलेली असते, तेवढा थर चाकूने खरवडून टाका.